भुईचाफ्याचा वाफा

"इथं तणाशिवाय काहीच उगवत नाही. ही माती सगळी काढून टाका, अण्णा," क्लबच्या सेक्रेटरी काकू माळ्याला कानडीत सांगत होत्या. "सरी," म्हणत मान डोलावून त्यानं कुदळ उचलली.

मी चार पावलांवर गुलाबाची कलमं पिशव्यांतून सोडवत होते. त्या वाफ्यात आईचा भुईचाफा होता.

हेब्बाळजवळच्या या जुन्या शेतघराची बाग आमचा गार्डन क्लब सांभाळतो. नियम एकच: घराच्या जुन्या फोटोंत दिसतात तीच झाडं लावायची. आई याबाबत सर्वांत कडक. कुणी भलतंच रोप आणलं तर ती ते गाडीतूनच परत पाठवायची. आणि तिनंच बेळगावहून, माहेरच्या परसातून, रुमालात बांधून कंद आणले आणि स्वयंपाकघरामागे लावले. "कुणाला बोलू नकोस हं," मला म्हणाली.

भुईचाफ्याची पानं पावसात तणासारखी दिसतात आणि थंडीत जिरून जातात. वाफा ओसाड दिसतो. मग उन्हं तापायला लागली की मातीतून नुसती फुलंच वर येतात, जांभळट, भुईला टेकलेली. गेल्या वर्षी ती आली तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती. मी फोनवर फोटो दाखवला. "वास घेतलास?" तिनं विचारलं. नव्हता घेतला. त्यासाठी मातीवर जवळजवळ आडवं व्हावं लागतं, आणि पलीकडे सगळे काम करत होते, कुणीतरी बघितलं असतं. "पुढच्या वेळी घे," आई म्हणाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती गेली.

या वर्षीची फुलं यायला फार दिवस उरले नव्हते.

कुदळीखाली कंद फुटत होते. आतून पांढरे.

"हे काय, आलं का?" एका काकांनी तुकडा उचलून विचारलं.

"घरी न्या, चहात घाला," काकू म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

बोलायचं तर आईनं नियम मोडला होता हे सांगावं लागणार. तिच्यासारखी शिस्तीची बाई पुन्हा मिळायची नाही, असं काकू प्रत्येक मीटिंगला म्हणतात. मी मनात वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत. ते जुळेपर्यंत माती ट्रॅक्टरमध्ये भरून झाली होती. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला, वळला, दिसेनासा झाला.

वाफ्यात नवी तांबडी माती पडली. काकूंनी एक कलम माझ्या हातात दिलं.

"पहिला गुलाब तू लाव बाळा, आईच्या नावानं. तिला किती आवडलं असतं."

मी वाकले, पण हात मातीत जाईना.

"तिचा भुईचाफा होता इथं, काकू," मी म्हणाले. "मला माहीत होतं."