त्र्याऐंशी आणि शहाऐंशी

कडूबा मिस्त्री मूळचा धावड्याचा. १९८१ साली तो जालन्याला आला, चार वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली राबला आणि मग भोकरदन रस्त्याला स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे मिस्त्री शहरात आणखीही होते. कडूबाचं तसं नव्हतं. व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय तो कुठलाच पार्ट बसवत नसे.

बाप लवकर गेल्यामुळं धाकट्या बहिणीला, द्वारकेला, त्यानंच वाढवलं होतं. लग्नही त्यानंच लावून दिलं. नवरा वसंता हसनाबादचा, हाताला चलाख पण कुठं टिकत नसे. द्वारकेकडं बघून कडूबानं त्याला गॅरेजात घेतलं आणि येत होतं ते सगळं शिकवलं.

ब्याण्णव साली बियाण्यांचे व्यापारी काकासाहेब यांनी मुंबईहून एक जुनी जपानी गाडी आणली. दॅटसन, दोनशे ऐंशी झेडएक्स. दोन दारांची, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. जालन्यात असली गाडी कुणी पाहिलीच नव्हती. पण ती आली दुसऱ्या गाडीला टोचन लावून. इंजिन गरम होऊन बसलेलं.

"मेच्या लग्नात पोरगी ह्याच गाडीतून सासरी जाईल," काकासाहेब म्हणाले. "होईल ना, मिस्त्री?"

"पार्ट मिळाले तर होईल, साहेब."

पार्टांचंच तर अवघड होतं. मुंबईच्या बाजारात दोनशे चाळीस मॉडेलचे पार्ट मिळत होते, तेही पाच-सहा वर्षं आधीच्या गाडीचे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, दिसायला सख्खे भाऊ. कडूबानं एकेक पार्ट मोजून पाहिला. काही जसेच्या तसे बसले. क्लचप्लेट लहान निघाली, ती परत पाठवली. राहिलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली, सहा मोठ्या भोकांची लांबट पातळ पट्टी. मुंबईहून आलेल्या गॅस्केटची बोल्टांची भोकं बराबर जुळली. पाण्याच्या वाटाही बऱ्याचशा जुळल्या.

कडूबानं वसंताला जवळ बोलावलं. "हे बघा पाव्हणं. चाळीसचा सिलिंडर त्र्याऐंशी मिलिमीटर रुंद, आपला शहाऐंशी. हे बसंल, गाडीबी चालू होईल. पण गॅस्केटची कड चारी बाजूनं दीड-दीड मिलिमीटर सिलिंडरात लोंबती. तिला जाळ लागला की गेलं. पाणी आत."

"लई बारीक फरक हाय, दादा," वसंता म्हणाला.

"बारीकच मारतो."

ते गॅस्केट त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. लग्नाला सहा दिवस उरले असताना मुंबईच्या दलालाचा निरोप आला की आफ्रिकेतून आलेलं दोनशे ऐंशीचं असली गॅस्केट हाती लागलंय, स्वतः येऊन मोजून घ्या. कडूबा निघाला. निघताना काकासाहेबांना सांगून गेला, "लग्नाला गाडी धरू नका, साहेब. जमली तर जमली."

मुंबईत दलालानं चार दिवस फिरवलं, पण गॅस्केट खरं निघालं. शहाऐंशी, केसभरही कमी नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, ते वाकू नये म्हणून कडूबा मनमाडपर्यंत उभ्यानंच आला. लग्नाच्या दिवशी दुपारी गॅरेजात शिरला तर गाडीची जागा मोकळी. खिळाही मोकळा.

वसंता नवा सदरा घालून स्टुलावर बसला होता. "पहिल्याच सेल्फला चालू झाली, दादा. काकासाहेब लई घाई करून राह्यले होते. सकाळच्या मुहूर्तावर लग्न लागलं, लगोलग बिदाई झाली, औरंगाबादकडं गेली गाडी."

कडूबानं रिकाम्या खिळ्याकडं बोट केलं. "खिळ्यावरचं गॅस्केट टाकलं?"

वसंता उठून बाहेर गेला.

बदनापूरच्या अलीकडं गाडीनं पांढरा धूर सोडला आणि ती बंद पडली. नवी नवरी भर उन्हात तासभर बाभळीखाली उभी राहिली. शेवटी वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसून सासरी गेली.

संध्याकाळी काकासाहेबांच्या अंगणात पन्नास माणसं जमली होती. कडूबालाही बोलावलं होतं. वसंता हात बांधून उभा. शेजारी द्वारका.

"हेड कुणी बसवलं?" काकासाहेबांनी विचारलं.

"दादांनी," वसंता म्हणाला. "मुंबईला जायच्या आधी. मी निस्ती बॅटरी जोडली."

कडूबानं पुठ्ठे उघडून गॅस्केट पुढं धरलं. "साहेब, हेड मी बसवलं न्हाई. बराबर गॅस्केट तर आत्ता घेऊन आलो."

काकासाहेबांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे पहिलं चुकीचं बसवलंय हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच 'लग्नाला गाडी धरू नका' म्हणत दुसरं आणायला गेल्तात."

खरेपणाचा पुरावा म्हणून जे कडूबानं दाखवलं, तेच त्याच्यावर उलटलं होतं. मग त्याला आठवलं, द्वारका रोज दुपारी वसंताचा डबा घेऊन गॅरेजात यायची. आपण नसताना हेड चढलं असेल तर तिनं पाहिलंच असणार.

"द्वारके, तू रोज येत व्हतीस. हेड कुणी बसवलं, सांग साहेबांना."

द्वारकेनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. पदर सारखा केला. "मला काय म्हाईत दादा त्यातलं," ती म्हणाली.

कडूबानं काकासाहेबांच्या हातून गॅस्केट परत घेतलं. ते तिथंच ओट्यावर ठेवून तो घरी आला. बायकोनं, तुळजाबाईनं, ताट वाढलं. त्यानं ते तसंच झाकून ठेवलं.

महिन्याभरात गॅरेज ओस पडलं. वसंता तर दुसऱ्या दिवसापासूनच आला नाही. पावसाळ्यानंतर काकासाहेबांच्याच जागेत त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं, 'जपानी व विदेशी गाड्यांचे खास कारागीर' अशी पाटी लावून. कडूबानं पत्रे उतरवले आणि परतूरला बिऱ्हाड नेलं. तिथं जिनिंगची यंत्रं, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं. काम भरपूर होतं. पण त्यानं कुणालाही हाताखाली घेतलं नाही. चांगली माणसं विचारायला यायची, त्यांना तो चहा पाजून परत पाठवायचा.

दहा वर्षांनी द्वारका एकटीच परतूरला आली. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका तिनं पुढं ठेवली.

"दादा, त्या दिवशी मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "पण मला त्याच घरात नांदायचं होतं."

"पाह्यलं होतंस म्हणूनच तुला विचारलं."

"आता तरी या. पोरीच्या मागं मामा उभा पाहिजे."

कडूबानं पत्रिका वाचली. मुलीचं नाव त्यानं दोनदा वाचलं. तिला लहानपणी टाकीवर बसवून त्यानं मोटरसायकलचे फेरे मारले होते. "पोरीचं कल्याण होऊ दे," तो म्हणाला. "तुळजा येईल लुगडं घेऊन. मी येणार न्हाई."

द्वारका रडली. त्यानं तिला गप्प केलं नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा मात्र तिची पिशवी उचलून स्टेशनपर्यंत सोडायला गेला. वाटेत दोघं पावसापाण्याबद्दल बोलले.