तोंड बांधलं होतं, तरी हाक गेली

देवऋषी, अंगारे-धुपारे हे मी कधीच मानलं नाही. म्हणून हे लिहितानाही जरा संकोच वाटतोय...

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही पारनेरजवळ शेतावर राहायचो. पाणी पाजताना बैलाने मान झटकली, शिंग माझ्या हनुवटीवर बसलं आणि जबडा मोडला. नगरच्या डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकत्र आवळून टाकले. फटीतून ताक, पेज घ्यायची. बोलायला गेलं की नुसतं ‘हुं हुं’.

दुखण्यापेक्षा भीती वाईट. भांडं पडलं तरी छातीत धडधड, अंगाला घाम. डॉक्टरांना खुणेने सांगितलं, तर म्हणाले, “घाबरलं की माणूस ओरडतं. त्याने डोकं जरा शांत होतं. तुमची ती वाटच बंद आहे. तारा निघाल्या की बरं वाटेल.”

एके दिवशी दुपारी मी विहिरीवर भाकरी घेऊन गेले. विहीर आटलेली. तळाशी हे आणि माझा धाकटा दीर किसन गाळ काढत होते. वरून पाहते तर त्यांच्या पाठीमागच्या दरडीतून माती भुरुभुरु गळतेय... वरचा मोठा धोंडा हलला! मी ओरडायला गेले. तारा हिरड्यांत रुतल्या, तोंडात रक्त आलं, पण नुसतं ‘हुं हुं’, खाली पोचेल असा आवाज नाही. पाय जागीच खिळलेले.

तेवढ्यात दोघांनी दचकून मागे पाहिलं, फावडी टाकली आणि धडपडत पायऱ्या चढून वर आले. मागोमाग अख्खी दरड तळाशी कोसळली.

हे धापा टाकत म्हणाले, “बरं झालं हाक मारलीस!”

मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. तारांकडे बोट दाखवलं.

“आगं, दोघांनी ऐकली की! ‘दत्तू, वर ये’ म्हनलीस. नावानं!”

उखाणा सोडला तर मी त्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

किसन पांढराफटक पडला होता. म्हणाला, “वहिनी, आवाज तुमचाच हुता. पन वरनं न्हाई आला... मागच्या दगडातनं आला.”

डॉक्टरांनी तपासलं. एकही तार सैल नव्हती. भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा?

पुढे तारा निघाल्या. डॉक्टर म्हणाले, “हं, आता बोला काहीतरी.”

पण मला तोंड उघडायचा धीरच होईना... माझा आवाज माझ्याच तोंडातून येईल ना?