कंबर मोकळी, डोळे उघडे

वॉर्डातल्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्पिरिटच्या वासासारखे ते अंगाला चिकटून घरी येतात, आणि आंघोळ केली तरी जात नाहीत. हैदराबादच्या एका दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो, तेव्हाचे हे. राज्याची वाटणी चालली होती. आमचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार होते.

*

आखडलेली कंबर सैल करणाऱ्या एका नव्या गोळीचा अभ्यास आमच्या डॉक्टरसाहेबांनी मांडला होता. गोळीनं झोप उडते, असं कुणीतरी म्हटलेलं. ते खरं की खोटं, बघायचं होतं. बारा खाटा. रोज सकाळी मी विचारायचं, "झोप लागली?" मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. म्हणून लागली तर खाटेजवळच्या डब्यात चिंचोका, नाही तर खडा.

पहिल्या खाटेवर मलकपेठचे टांगेवाले ख्वाजामियाँ. डोळे इंगळासारखे लाल.

"नींद आई, मियाँ?"

"आपकी दुआ से, खूब!"

विचारणाऱ्याला नाराज करायचं नाही, ही हैदराबादची रीत. बाराही डब्यांत चिंचोके!

साहेब म्हणाले, "गणपत, ही गोळी आहे की अंगाई?"

*

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः फिरले. दरडावून म्हणाले, "खरं सांगा! झोप उडते की नाही?"

साहेबांना उडालेलीच हवी आहे, असं सगळ्यांना वाटलं. बाराही जणांची उडाली! त्यांतल्या सहांना तर नुसत्या साखरेच्या गोळ्या होत्या.

*

मग कुणी कुठल्या राज्यात जायचं, त्याच्या याद्या निघाल्या. क्लार्क, नर्सबाई, कंपाउंडर, सगळ्यांचे डोळे तारवटलेले. घर इथं, नाव औरंगाबादच्या यादीत!

हेडक्लार्क जांभई देत म्हणाले, "साहेब, आम्ही तर गोळी खाल्ली नाही. आम्हाला कुठल्या रकान्यात घालता?"

साहेब हसले नाहीत. त्यांचंही नाव त्याच यादीत होतं.

*

ख्वाजामियाँची कंबर मात्र खरंच सुटली. महिन्याच्या गोळ्या घेऊन ते घरी गेले. पंधरा दिवसांनी आले, मला बाजूला घेतलं.

"गणपतभाई, कमर खुल गई, पन आँख बंद नै होती. डाक्टर साब कू नक्को बोलो. गोली बंद करे तो टांगा कौन हाँकता?"

घरात सहा तोंडं. मी नाही बोललो. साहेबांनी विचारलं तेव्हा मियाँच्या डब्यात चिंचोकाच टाकला. सांगितलं असतं तर साहेबांनी दुसरी काही तजवीज केली असती, हे तेव्हा सुचलंच नाही. तो एक चिंचोका परत काढून घेता आला असता तर!

*

साहेब हैदराबाद सोडून निघाले, त्या दुपारी मियाँ हट्टानं टांगा घेऊन आले. "साबइच मेरेकू खड़ा किए. टेसन मैंच छोड़तूँ!"

मागे साहेब, मांडीवर अभ्यासाचे कागद. पुढे मियाँच्या शेजारी मी. साहेब म्हणत होते, "एकच ओळ राहिलीय रे, गणपत. झोपेबद्दलची. मन धजत नाही."

नामपल्ली स्टेशन यायच्या आत मियाँची मान छातीवर पडली. भर उन्हात, भर गर्दीत. घोडा आपला चालतोय!

त्यांना हलवायला मी हात उचलला. साहेबांनी मागून माझा दंड धरला.

"उठवू नकोस," ते कुजबुजले. "बघ तरी, किती गाढ!"

आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मी लगाम धरला.