हुकुमाचा रकाना

आमच्या वरच्या मजल्यावरचे कागदकाका टेलिफोन कंपनीत सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी होते. कोणाचा फोन कुठे आहे, तो कोणाशी बोलला, हे सरकारला हवं असलं की मागणी त्यांच्याकडे यायची. ते सही पाहायचे, शिक्का पाहायचे, मग माहिती द्यायचे. नोंदवहीत लिहायचे: कोणी मागितली, कोणत्या हुकुमाने. हुकूम नसला तर एकच वाक्य. ‘कागद आणा, साहेब.’ नाव त्यावरूनच पडलं.

माझ्या दुप्पट वयाचे, पण माझ्याकडची पुस्तकं वाचायला न्यायचे. परत देताना कुरकुरायचे, तुझ्या कादंबऱ्यांत सगळे दुसऱ्यांची पत्रं फोडतात आणि कोणाला काही होत नाही.

माझी बहीण बावीस वर्षांची. एका सकाळी बाबांशी भांडून ती घराबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन उचलेना. बाबा पोलिसांत जायला तयार नव्हते. चारचौघांत शोभा होईल म्हणाले. मी काकांच्या ऑफिसात गेलो.

तिथे एक इन्स्पेक्टर बसले होते. त्यांना एका वार्ताहराचा ठावठिकाणा हवा होता, तोंडी. चहा पिईपर्यंत होणारं काम, ते म्हणाले.

‘मग चहा घ्या,’ काका म्हणाले. ‘कागद येईपर्यंत दोन कप होतील.’

इन्स्पेक्टर हसत उठून गेले. त्याच खुर्चीत मी बसलो. माझ्याकडेही कागद नव्हता. मला रडू आलं. काकांनी दार लोटलं, बहिणीचा नंबर विचारला आणि एका चिठोऱ्यावर मला वस्तीचं नाव लिहून दिलं.

त्या वस्तीत तिची एकच मैत्रीण राहायची. मी बाबांना घेऊन गेलो. दार बहिणीनेच उघडलं. आधी तिला मी दिसलो, मग माझ्यामागे बाबा.

‘तुला कसं कळलं?’

ती आमच्याबरोबर घरी आली. तेव्हापासून ती घराबाहेर पडली की फोन बंद ठेवते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर पुन्हा आले, पुन्हा रिकाम्या हाताने. काकांनी त्यांना परत पाठवलं. पण ‘कागद आणा’ म्हणायला जीभच उचलेना, असं काका मला जिन्यात म्हणाले. इन्स्पेक्टर गेल्यावर त्यांनी नोंदवही उघडली, माझ्या बहिणीचा नंबर लिहिला आणि हुकुमाच्या रकान्यात लिहिलं: ‘हुकूम नाही. ओळखीखातर.’ खाली स्वतःची सही. ती वही तपासायला कोणी उघडली असती असं नाही. ती स्वतः उचलून ते वरच्या साहेबांकडे गेले.

चौकशीत माझं नाव त्यांनी सांगितलं नाही. त्यांना बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसवलं.

‘काका, मी जाऊन सांगतो, मी मागितलं म्हणून.’

‘मागायला बंदी नाही रे. देणारा मी होतो.’

तरीही मी गेलो. तीन आठवडे उशिरा. काकांच्या टेबलाशी एक नवा माणूस होता, तरुण, हसतमुख. त्याने मला बसायला सांगितलं. समोर तेच इन्स्पेक्टर चहा पीत होते. नोंदवही कपाटात होती. नवा माणूस स्क्रीनवरून एक पत्ता वाचून दाखवत होता आणि इन्स्पेक्टर तो स्वतःच्या तळहातावर लिहून घेत होते.