तीसच्या रिंगा, इंचाची नळी

अब्बा श्रीवर्धनला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. होडी बंद की चूल बंद. मी दहावी होऊन पलटणीत गेलो, हत्यारं दुरुस्त करणारा आर्मरर झालो. रायफल खोलता यायची, इंग्रजी वाचता यायचं नाही.

पोस्टवर रायफलीची एक नवी स्कोप, नेमाची दुर्बीण, आली. तिची नळी इंचाची, ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या स्टोअरमधल्या रिंगा तीस मिलिमीटरच्या. नळी आत खुळखुळत होती. मी रायफल पास केली नाही.

"उद्या इन्स्पेक्शन आहे. नळीला टेप गुंडाळ, मुकादम," सुभेदार सावर्डेकर म्हणाले.

"साहेब, फायरच्या धक्क्याने सरकेल."

"ऑर्डर आहे."

गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी 0610 ला तीच रायफल घेऊन नाईक विलास घाग पुढे नेम धरून पडून होता. गुहागरचा. माझ्या डब्यातली सुकट चोरून खायचा, वर मीठ जास्त आहे म्हणायचा. रेडिओवर म्हणाला, "फायर डावीकडे जातोय. पोझिशन बदलतो. ओव्हर."

सावर्डेकर म्हणाले, "निगेटिव्ह. स्कोपचा झीरो, नेम, ठीक आहे. पुन्हा फायर कर. ओव्हर."

घागने फायर केला. शत्रूला त्याची जागा कळली. 0617 नंतर तो रेडिओवर बोलला नाही.

चौकशीत सावर्डेकरांनी इंग्रजी कागद पुढे केला. "फॉर्मॅलिटी आहे." मी सही केली. महिन्याने क्लार्कने अर्थ सांगितला: स्कोप व्यवस्थित, चूक नेमबाजाची.

नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केलं, इंग्रजी घेऊन. घराण्यातला पहिला पदवीधर. लोक विचारतात, कशासाठी शिकलास? सूड घ्यायला.

निवृत्तीनंतर दुबईजवळ उम्म अल कुवैनला शिकारी रायफलींच्या दुकानात लागलो. रिंगा निवडायच्या, बसवायच्या, हे माझं काम. गेल्या हिवाळ्यात सावर्डेकर तिथे आले. आता ते रिंगांचे सप्लायर. नमुना तीसचा, मालकाची स्कोप इंचाची.

"टेप गुंडाळ रे मुकादम," मालकासमोर हिंदीत, हसत म्हणाले. "पोस्टवर नव्हती का गुंडाळायला लावली?"

मी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी 0730 ला रेंजवर त्यांनाच रायफलीमागे झोपवलं. पहिली गोळी मधोमध. पाचवी वीतभर डावीकडे.

"रायफल बाद आहे."

"नाही साहेब. नेमबाज बाद."

ते मालकाकडे वळले. मालक म्हणाला, "हबीबी, मुकादम हो म्हणेल तरच ऑर्डर."

मी तिथेच इंग्रजीत लिहिलं: टेपची ऑर्डर कोणाची, फायरची कोणाची. टेप गुंडाळणारे हात माझे, हेही लिहिलं. सगळं अर्थासकट वाचून दाखवलं. खाली आधी माझी सही केली.

"आता तुम्ही करा. मग मालाचं बघू."

"जुनं झालं रे. आता कोण विचारतंय?" म्हणत त्यांनी सही केली. मालक साक्षीदार झाला.

मी रिंगांचा खोका त्यांच्या हातात दिला. "बघितला माल. परत न्या. खलास."

वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

कागद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. सात महिन्यांनी घागच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा, फोन आला. "भाऊजी, ह्यांच्यावरचा शेरा रद्द झाला."

नाईक विलास घागचा नेम चुकला नव्हता. आता तसं सरकारी कागदावर आहे.