करवंट्यांचा विस्तव

तवनाप्पा मगदुमांना कुणी "जमंल का?" असं विचारलं की त्यांचं डोकं फिरतं. गडमुडशिंगीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्याकडून काम काढून घ्यायचं असलं की लोक मुद्दाम तसंच विचारतात. टेलिफोनच्या केबली जोडण्यात त्यांची उभी हयात गेली. जुन्या केबलींवर शिशाचं कवच असायचं. सांध्यावर वितळलेलं शिसं ओतायचं आणि ओतता ओतताच फडक्यानं असं बसवायचं की वरून अख्खा पावसाळा गेला तरी आत थेंब शिरू नये. निवृत्त झाल्यावर लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. तवनाप्पा मोडीतल्या केबलीचं शिसं विकत घेऊन आले. "हे कशापायी?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा "लागंल की," एवढंच उत्तर मिळालं आणि ते ओझं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिलं.

ते लागलं बायकोच्या, म्हणजे चंदनाबाईंच्या, मोडलेल्या हातापायी. मगदुमांच्या घरामागं दगडी पायऱ्यांची विहीर आहे. चंदनाबाई रोज तिचं पाणी शेंदतात आणि जाड कापडातून गाळतात. कापडावर जे बारीक जीव राहतात ते चांगल्या पाण्यानं धुऊन छोट्या तांब्यात घेतात आणि पायऱ्या उतरून, पाण्याला तांब्या टेकवून, हळूच त्याच विहिरीत सोडतात. या पाण्याला जैन घरांत जीवाणी म्हणतात. वरून ओतली तर ते जीव आपटून मरतील, म्हणून उतरायचं. लग्न होऊन आल्यापासून हा नेम त्यांनी मोडलेला नाही.

वय झालं, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तवनाप्पांनी पायऱ्यांच्या वळणावर दगडात भोक पाडून सिमेंटमध्ये एक लोखंडी गज बसवून दिला. मोठ्या प्रेमानं दिला. आणि एका सकाळी तोच गज चंदनाबाईंच्या हातात उपटून आला. त्या वळणावर पडल्या, मनगट मोडलं. खाली पाण्यात गेल्या नाहीत हे नशीब.

प्लास्टर घालून घरी आल्यावर त्या नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चांगल्या हातात तांब्या घेऊन, दगडी भिंतीला खांदा घासत, पुन्हा विहीर उतरल्या. तवनाप्पा वरून बघत होते. बायको भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"नवा कठडा करतो," ते म्हणाले. "शिसं वतून बसवतो. किल्ल्यांच्या दगडात कड्या बसवल्यात तशा."

"नगं. मला भित बरी," चंदनाबाई म्हणाल्या. "भित हातात येत न्हाय."

हे मात्र जिव्हारी लागलं. चातुर्मासाला गावात मुनी येणार होते, त्यांच्या आहारासाठी विहिरीचंच पाणी चालतं, म्हणजे बाईंच्या खेपा वाढणार होत्या. त्याआधी कठडा उभा करायचाच, आणि तिनं तो धरायचाच, असं तवनाप्पांनी मनात पक्कं केलं.

लोहारानं गज करून दिले. पायऱ्यांच्या दगडात भोकं पाडून झाली, पावसाळ्यातही पाणी जिथं चढत नाही अशा वरच्या टप्प्यावर. अडलं ते विस्तवापाशी. शिसं वितळवायला फार मोठी आग लागत नाही, पण लागते ती सारखी लागते आणि विहिरीच्या काठावर लागते. घरातून कढई आणेपर्यंत शिसं वाटेतच गोठतं. शिवाय त्याचा धूर विषारी, तो घरात नकोच. त्यामुळे स्वयंपाकाचा गॅस बाद झाला. तो तसाही मिळाला नसता, कारण चौक्याच्या, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरातल्या, शेगडीला तवनाप्पांनी नुसता हात लावला तरी घरात रामायण होतं. नोकरीतला ब्लो लॅम्प माळ्यावर होता, पण त्याला लागतं रॉकेल, आणि रॉकेल आता रेशनवर औषधालासुद्धा मिळत नाही. उसाचा पाला पेटवून पाहिला. तो भपकन पेटला, तवनाप्पांच्या भुवया घेऊन गेला आणि विझला.

"शेण्या न्या की," शेजारचा ज्ञानू म्हणाला. "आमच्या बायकूनं, धोंडुबाईनं, शेण्यांचा हुडवा रचून ठेवलाय. सावकाश धगत्यात."

तवनाप्पा खूश झाले. शेणीचा, गोवरीचा विस्तव म्हणजे शिशाला अगदी मानवणारा. पाटी भरून आणली, शेगडी मांडली, आणि काडी ओढणार तेवढ्यात चंदनाबाई आल्या. त्यांनी वरची एक शेणी उचलून शेगडीच्या कडेवर आपटली. शेणी दुभंगली. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, दोन काळे किडे वाट फुटेल तिकडे पळाले.

"मी रोज जीव सोडायला खाली जातो," बाई शांतपणे म्हणाल्या; कोल्हापुराकडं बायका स्वतःला 'जातो'च म्हणतात. "आन् हे जीव जाळून केलेला कठडा धरून जाऊ व्हय?"

 तवनाप्पांना त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. जन्मभर पाणी गाळून प्यायलेला माणूस, जळणाला मात्र आंधळा निघाला. त्यांनी पाटी उचलली आणि ज्ञानूला परत दिली.

मग लाकडं बघितली. एकेक ओंडका ते उन्हात धरून ठोकायचे आणि आतून भुसा गळायचा, म्हणजे आत कीड. बाभळ गेली, आंबा गेला. "त्या बाईनं चूलच बंद पाडली रं," ते ज्ञानूला म्हणाले, पण हटले नाहीत. शेवटी गोठ्यात डोक्याला हात लावून बसले असता वर आढ्याला टांगलेलं पोतं दिसलं. काहीही टाकून न देणाऱ्या चंदनाबाईंनी वर्षानुवर्षं साठवलेल्या नारळाच्या करवंट्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. करवंटी टणक, गुळगुळीत, तिला ना भोक ना फट. आत काही दडायला जागाच नाही.

त्यांनी पोतं बायकोपुढं ओतलं. "बघून घे. एकेक."

चंदनाबाईंनी खरोखर एकेक पाहिली. चांगल्या हातानं फडक्यानं पुसून बाजूला ठेवली. मग न सांगता त्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्या आणि गजांच्या भोकांतल्या मुंग्या मऊ कापडानं हळूहळू बाहेर काढल्या. तवनाप्पांनी आपली शेगडी मांडायला घेतली. बोललं की काम बिघडतं, एवढं संसारानं त्यांना शिकवलं होतं.

करवंट्यांचा विस्तव मात्र भलता तिखट. पहिल्या खेपेला कढई लाल व्हायला आली आणि शिशावर पिवळी साय धरू लागली. तवनाप्पांनी नाकातोंडावर फडकं बांधलं होतं, वारा पाठीवर घेतला होता, तरी ते मागं सरले. निखारे पसरले, वर राख लोटली, धग उतरवली. मग वर्तमानपत्राची पट्टी शिशात बुडवून बघितली. पेटली. थांबले. नवी पट्टी बुडवली. या वेळी ती नुसती तांबूस झाली. हाच तो ताप.

भोकात ओल राहिली तर शिसं उसळून तोंडावर येतं. नोकरीतल्या त्यांच्या जोडीदाराचा डोळा असाच गेला होता. म्हणून आधी प्रत्येक भोकात निखारे टाकून ते खडखडीत वाळवलं, फुंकून साफ केलं, गज उभा केला आणि पळीनं शिसं एका दमात ओतलं. गार होताना शिसं आकसतं. ते छिन्नीनं चहूबाजूंनी ठोकून ठोकून घट्ट बसवलं, वरून सिमेंटचा थर दिला. ऊन उतरायच्या आत कठडा उभा होता. हाताला फोड आले होते, तरी तवनाप्पांना जेवण गोड लागलं.

प्लास्टर निघालं. मुनी गावात आले. त्या सकाळी चंदनाबाई तांब्या घेऊन निघाल्या आणि भिंतीच्या बाजूनंच उतरल्या. कठड्याकडं पाहिलंसुद्धा नाही.  एवढं करून काय उपयोग, असं वर उभ्या तवनाप्पांना वाटलं. धर म्हणून सांगावं तरी कोणत्या तोंडानं?

बाईंनी जीवाणी सोडली आणि त्या परत चढू लागल्या. वळणावर, जिथं पडल्या होत्या तिथंच थांबल्या. तांब्या पायरीवर ठेवला. दोन्ही हातांनी गज धरला, त्यात ते मोडलेलं मनगटही होतं, आणि सगळं अंग मागं, विहिरीच्या बाजूला झोकून दिलं.

"अगं! अगं, सोड!" तवनाप्पा किंचाळले.

गज तसूभरही हलला नाही. चंदनाबाई सरळ झाल्या आणि वर बघत म्हणाल्या, "तुमीच बसवलाय न्हवं? मग वरडताय कशाला?"

 तवनाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चंदनाबाईंनी तांब्या उचलला आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, त्या वर आल्या.