नवरीच्या एंट्रीचं गाणं

लेकीच्या साखरपुड्यात ऐन सुपारी फुटायच्या वेळी हॉलच्या स्पीकरमधून एक अमेरिकन माणूस बायको सोडून गेली म्हणून रडायला लागला. सनई लावायचं काम माझ्याकडं होतं. चष्मा खिशात ठेवून फोन चालवला, बोट एक ओळ खाली पडलं, बस्स. इंग्रजी गाण्यातलं कुणाला काय कळतंय, असं मी मनाला समजावत होतो. तोवर व्याह्यांची थोरली बहीण, पेठ वडगावात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, भटजींना थांबवून म्हणाली, "आवाज वाढवा जरा. बायको तर गेली, कुत्रं तरी राहिलं का त्याच्याजवळ, ऐकू दे."

झालं. लेकीच्या लग्नातलं गाण्याचं खातं माझ्याकडून निघालं आणि मेव्हण्याकडं गेलं. तेव्हा जो चिडलो तो मी अजून चिडलेलाच आहे.

हा मेव्हणा आधी माझा कॉलेजातला दोस्त. गडहिंग्लजचा. त्याची बहीण मी नंतर केली. म्हणजे आधी मला नाव घेऊन शिव्या घालायचा, आता 'दाजी' म्हणून घालतो. होस्टेलच्या खोलीत आमच्या दोघांत एक टेपरेकॉर्डर आणि दुकानातून भरून आणलेली एक कॅसेट. एका बाजूला रॉक. दुसऱ्या बाजूला, टेप मोकळी कशाला सोडायची म्हणून दुकानदारानं त्याच्या मनानं भरलेलं कंट्री. अमेरिकेतलं गावाकडचं गाणं. मेव्हण्यानं पहिली बाजू झिजवली, मी दुसरी.

त्यात एक गिटार असते, मांडीवर आडवी घेतल्यासारखी वाजवतात. तिचा सूर घसरत घसरत येतो, बोलता बोलता माणसाचा आवाज भरून यावा तसा. गाणाऱ्याला घाई नसते. वैरण टाकून, हातपाय धुऊन दारात बसलेला माणूस दिवसभराचं सांगतो, तसा तो सांगतो. हे मला कळलं, ह्यात माझी काही हुशारी नव्हती. माझ्या गावाकडं संध्याकाळी हेच चालायचं, फक्त गिटार नव्हती.

रॉकशी माझं वैर आहे असं मेव्हणा सगळ्यांना सांगतो. साफ खोटं. लांब केसांच्या पोरांनी विजेची गिटार गळ्यात अडकवून गावाची वाट धरली, गावाकडच्यांनी त्यांच्याकडून ड्रम उसना घेतला, तिथं जी गाणी झाली त्यांच्यावर तर माझा जीव आहे. म्हैस एकच. कुणी दूधकट्ट्यावर म्हशीशेजारी उभं राहून धारेचं दूध पितो, कुणी त्याच दुधाचा चहा करतो. चहा मीही पितो. पण चहा पिऊन कुणी मला सांगायला लागलं की दूध असंच असतंय, की माझं डोकं फिरतं. आणि हल्लीच्या कंट्रीत तर दूधही नाही. नुसता ट्रक, बिअर आणि जीन पँट.

तर त्या दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं. संथ, तीन मात्रांचं. एक साधी गिटार, एक व्हायोलिन आणि मागून ती घसरती गिटार. त्यात एक बाप नवरी झालेल्या मुलीला हाताला धरून चर्चमध्ये नेतो. लेक स्कूटरवर पुढं उभी राहायची तेव्हापासून शाळेच्या वाटेवर मी ते माझ्या बेसूर आवाजात गायलोय. तीपण गायची. आणि गाता गाता मी मनात हिशेब करून ठेवला, की एक दिवस मी असाच हिला नेणार.

आता सांगा, कोल्हापूरकडच्या गावात जन्मलेल्या माणसानं हे मनात धरावं? आपल्यात नवरीला मंडपात मामा आणतो. शेकडो लग्नं जेवून आलो, पण स्वतःच्या लेकीची तारीख ठरेपर्यंत हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. बापानं फेटा बांधून स्टेजवर उभं राहायचं, हात मोकळे सोडून. मग माझ्या वाट्याला राहिलं काय? ते गाणं. मी तिच्याबरोबर चालणार नव्हतो, निदान गाणं चाललं असतं.

"दाजी, गाणं तुमचंच लावतो की," मेव्हणा आमच्याच घरात, आमच्याच सोफ्यावर बसून म्हणाला. "फकस्त रॉकवालं. एका बँडनं केलंय. ऐका तरी."

ऐकलं. शब्द तेच. पण तीन मात्रांच्या चार केलेल्या, आणि प्रत्येक मात्रेवर धाडकन ड्रम. घसरती गिटार गायब.

"ही काय लेकीची कवायत हाय?" मी ओरडलो.

"चालणार मी हाय का तुम्ही? तुमच्या त्या गाण्यावर माझं गुडघं मधीच झोपत्यात. आणि गावठीच ऐकायचं तर आपल्यात काय कमी हाय व्हय?"

"गावठी म्हणू नकोस! शेणाचे हात धुऊन कॉलेजला येणाऱ्यानं दुसऱ्याच्या गावाला गावठी म्हणू नये."

मेव्हणा हसला. त्याच्या हसण्यानं मी आणखी पेटलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, मामाचंच ठेवूया ना, प्लीज." माझ्याकडं न बघता.

लग्नाच्या दिवशी साउंडवाल्यानं स्टेजच्या कडेला माणसाएवढे बॉक्स रचले होते. मुहूर्ताला गाणं सुरू झालं आणि माझ्या छातीतली बरगडी न् बरगडी हलली. आधीच चाराचं केलेलं, त्यात आता शब्दही बुडाले. मी स्टेजवरून वाकून साउंडवाल्याला म्हणालो, "पावणं, ती धडधड, तो बास कमी करा."

"काका, बास न्हाय तर लगीन कशाचं?"

"कमी करा म्हणतोय!"

"नवरी पोचंस्तवर थांबा की!"

मी फेटा सावरत तसाच त्याच्याशी भांडत राहिलो. मेव्हण्याला शिव्या, त्या बँडला शिव्या, चौथी मात्रा ज्यानं घातली त्याच्या खानदानाला शिव्या. मग गाणं एकदम थांबलं. वळून बघतो तर लेक अंतरपाटापलीकडं उभी, मागं मेव्हणा. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले. बायको भाड्याचे फेटे मोजून पिशवीत भरत होती आणि मी तिला सगळं पहिल्यापासून ऐकवत होतो. तुझा भाऊ, तो साउंडवाला, ते बॉक्स. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग हातातला फेटा खाली ठेवला.

"आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या नसतात," ती म्हणाली. "मला मागच्या खोलीत तुळशीपुढं बसवून दार ओढून घेतलं होतं. तुमचं गाणं कुठलं न् त्याचं कुठलं, मला भिंतीतनं काय कळणार? तुम्ही तर पुढ्यात उभा होता. मला एवढंच सांगा, येताना ती हसत होती का हो?"